शस्त्रपरवाना आणि दिव्यांग अर्जदार

गोदाकाठच्या निफाड तालुक्यात उसाच्या फडात बिबट्याचा वावर नवा नाही. मळ्यात राहणाऱ्या, पायाने अधू असलेल्या शेतकऱ्याने बंदुकीचा परवाना मागितल्यास अपंगत्वाच्या कारणावरून त्याचा अर्ज फेटाळता येईल काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ व १४ मध्ये विकल मनाच्या व्यक्तीचा उल्लेख आहे. शारीरिक व्यंगाचा नाही. मात्र कलम १४ मधील ‘कोणत्याही कारणास्तव अयोग्य’ या अर्थाची तरतूद फार व्यापक आहे. शिवाय शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जासोबत शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. खरी अडचण येथेच उद्भवते. अधू पाय आणि अधू दृष्टी यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये (२०२१) कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर एअर रायफल नेमबाजीत चौथे आले, हे येथे ध्यानात घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ प्रमाणे अपंगत्वावरून केलेला भेद उचित उद्दिष्टाशी प्रमाणबद्ध असल्याचे दाखवावे लागते. नकाराची कारणे सामान्यतः लेखी नोंदवावयाची असतात. त्याविरुद्ध कलम १८ अन्वये अपील करता येते.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मात्र मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची ही अट धडधाकटांनाही तितकीच लागू आहे. परवाना मिळाला तरी बिबट्या मारण्याची मुभा मिळत नाही. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती तेवढी कलम ११ ने अपराध मानलेली नाही.