द्राक्षमळ्यातील मजूर
शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६

प्रभूचे काही दाखले ऐकताच मन सुखावते. हा दाखला ऐकताना मात्र ते कुरकुर करते. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला एक दीनार, आणि तासभर काम केलेल्यालाही एक दीनार! हा कुठला न्याय?

आधी संदर्भ पाहू. आम्ही सर्व सोडून आलो, तर आम्हांला काय मिळणार, असे पेत्राने नुकतेच विचारले होते (१९:२७). त्या बोलण्याच्या ओघातच हा दाखला येतो.

दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. अकराव्या ताशी, म्हणजे सायंकाळी पाचच्या सुमारास, बाजारात उभे असलेले लोक आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. आपल्या शहरातील मजूर अड्ड्यावरही काम न मिळाल्याने घरी परतणारी माणसे आपण पाहतो. त्यांच्या मुलांची भूक त्या दिवशी कमी नसते. घरधन्याने तास मोजले नाहीत, गरज पाहिली.

मग पहिल्यांवर अन्याय झाला काय? नाही. ठरलेली मजुरी त्यांना पुरी मिळाली, आणि नियमशास्त्राप्रमाणे (अनुवाद २४:१५) त्याच दिवशी मिळाली. कारभाऱ्याने त्यांना आधी दिले असते, तर ते आनंदाने घरी गेले असते. शेजाऱ्याच्या हाताकडे पाहिले, म्हणून स्वतःच्या हातातला दीनार त्यांना थोडा वाटला.

येथे एक इशारा देणे आम्हांला अगत्याचे वाटते. पैसा माझा, मी वाटेल ते देईन, असे म्हणून मजुरी कापणारा हा दाखला उलटा वाचतो. घरधन्याने कोणाचेही कमी केले नाही. कृपा न्यायाच्या पुढे जाते, मागे राहत नाही. उपासनामंदिर झाडणाऱ्या बाईचा पगार थकवून आपण कृपेची गीते कोणत्या तोंडाने गावी?

आपले आजोबा याच मंडळीत होते, म्हणून काल आलेल्या कुटुंबापेक्षा आपला मान मोठा, असे वाटू लागले की आपण कुरकुरणाऱ्यांच्या रांगेत जातो. देवापुढे आपण सारेच अकराव्या तासाचे मजूर आहोत. हे ज्याला उमगले, त्याला दुसऱ्याचा दीनार पाहून आनंदच होईल.

वर्गात विचारावे :
१. शेवटच्यांना आधी मजुरी का दिली असावी?
२. आपल्यासाठी राबणाऱ्या कोणाचे आभार मानायचे राहिले आहेत? कोणाचे पैसे देणे राहिले आहे?