घराचा सांगाडा आणि अभियंत्याचा मोबदला

स्वतःचे घर बांधणे हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चाचा व्यवहार असतो. वाळू, सिमेंट, सळया यांच्या दरांविषयी घासाघीस होते. परंतु घराचा सांगाडा किती भार पेलेल, याचा हिशेब करणाऱ्या संरचना अभियंत्याला मोबदला कशाबद्दल व किती द्यावयाचा, याची माहिती थोड्यांनाच असते. परिणामी पुष्कळदा सळयांची जाडी व संख्या गवंडी किंवा ठेकेदारच ठरवितो.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवून दिले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या भागात मोडत होता. "आपल्याकडे काही होत नाही" हा समज पुरेसा नाही, हाच त्याचा धडा होय.

अभियंत्याचे काम

वास्तुविशारद खोल्यांची मांडणी ठरवितो. संरचना अभियंता पाया, कॉलम, बीम व स्लॅब यांची मापे ठरवितो. त्यासाठी जमिनीची धारणशक्ती पाहावी लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तेथील पाया मुरमावरील पायासारखा ठेवल्यास भिंतींना तडे जाण्याचा धोका असतो. प्रत्येक घराचा हिशेब म्हणूनच वेगळा करावा लागतो. शेजाऱ्याचा नकाशा उतरवून घेतल्याने तो वाचत नाही.

आकारणीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत बांधीव क्षेत्रावर आधारलेली आहे. समजा, घर १,२०० चौरस फुटांचे असून दर चौरस फुटास १५ रुपये ठरला, तर मोबदला १८,००० रुपये होतो. पद्धत समजण्यास सोपी आहे. मात्र उताराची जागा किंवा अवघड पाया यांमुळे वाढणारे काम तीत धरले जात नाही.

दुसरी पद्धत खर्चाच्या शेकडेवारीची. सांगाड्याचा खर्च ९ लाख रुपये धरून शेकडा २ प्रमाणे आकारणी केल्यास मोबदला तेवढाच, म्हणजे १८,००० रुपये येतो. परंतु सळया वाढून खर्च १० लाखांवर गेला, तर मोबदलाही २०,००० होतो. काटकसरीने काम करणाऱ्याचे यात नुकसान होते. शिवाय शेकडेवारी सांगाड्याच्या खर्चावर की संपूर्ण घराच्या, हे आधीच ठरविणे आवश्यक असते.

तिसरी पद्धत ठोक रकमेची. तीत वाद टळतात. मात्र कामाची यादी लेखी असली पाहिजे.

वरील दर केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर गाव, जमीन व मजले यांनुसार बदलतात. अभियंता वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असल्यास १८ टक्के कर, म्हणजे या उदाहरणात ३,२४० रुपये, वेगळा द्यावा लागतो.

करारात काय असावे

माती परीक्षणाचा खर्च कोणाचा, नकाशात बदल झाल्यास फेरहिशेबाचे किती, आणि जागेवरील भेटी किती, या तीन बाबी स्पष्ट असाव्यात. पाया भरण्यापूर्वी व स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांची तपासणी झालीच पाहिजे. काँक्रीट पडल्यानंतर चूक दिसत नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी: नेमणुकीच्या वेळी ३,६००, पाया व कॉलमची रेखाचित्रे मिळाल्यावर ५,४००, बीम व स्लॅबची मिळाल्यावर ५,४०० आणि अखेरच्या भेटीनंतर ३,६००.

घराचा एकूण खर्च २४ लाख रुपये धरला, तर १८,००० रुपये म्हणजे शंभर रुपयांमागे अवघे बारा आणे. गावात घर बांधू पाहणाऱ्यांना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हा हिशेब समजावून सांगितला, तर अनेक कुटुंबे हा खर्च टाळण्याऐवजी आधी करतील. रंग पुढच्या वर्षी देता येतो, फरशी बदलता येते. पाया मात्र एकदाच घातला जातो.