रॉड आधी ठरवा, मशीन नंतर

हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा वेल्डिंगचं सामान घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एवढंच विचारतो, ‘मशीन कितीला?’ दुकानदार २००, २५०, ३०० अँपिअरचे खोके काउंटरवर मांडतो. आकडा मोठा म्हणजे मशीन दणकट, असा हिशेब करून गिऱ्हाईक त्यातला मोठा खोका उचलतं. मीही तेच केलं होतं. घरी आणून फ्रीजच्या शेजारच्या पॉइंटवर लावलं, जाड रॉड पेटवला आणि अर्ध्या मिनिटात एमसीबी पडला. मशीन चांगलं होतं, पण माझ्या घराच्या वायरिंगला ते झेपणारं नव्हतं.

ज्यांना घरचं फाटक, शेतावरचा मांडव, कडबाकुट्टीचा स्टँड, गोठ्याची जाळी असली कामं स्वतः करायची आहेत किंवा हा धंदा शिकायचा आहे, त्यांच्यासाठी हा खर्चाचा हिशेब. भाव ढोबळ आहेत. गाव आणि ब्रँड बदलला की कमी-जास्त होतील. त्यांच्यामागचं गणित मात्र बदलत नाही.

सुरुवात रॉडपासून करू. रॉड म्हणजे आत लोखंडी तार आणि बाहेर रसायनांचा थर. तार वितळून सांध्यात भरते. थर जळून त्याचा वायू होतो आणि तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेला थर वर खपलीसारखा बसतो, तोच स्लॅग. पॅकेटवर ‘ई ६०१३’ असं छापलेलं असतं. त्यातले पहिले दोन आकडे ताकदीचे. ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, आपल्या मापात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो. तिसरा आकडा पोझिशनचा : १ असेल तर रॉड सपाट, आडव्या, उभ्या आणि डोक्यावरच्या कामाला चालतो, २ असेल तर फक्त सपाट आणि आडव्या कोपऱ्याच्या सांध्याला. शेवटचा आकडा थराचा प्रकार आणि चालणारा करंट सांगतो. ७०२४ हा रॉड दिसायला देखणं वेल्डिंग करतो, पण त्याचा तिसरा आकडा २ आहे. उभ्या खांबावर तो चालवायला गेलात तर धातू खाली ओघळेल आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसाल.

आपल्याकडच्या पॅकेटवर भारतीय मानकाचा आयएस ८१४ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण असते का, ते बघा. त्याखालचा कोड ‘ईआर’ने सुरू होत असेल तर थर रुटाइलचा, म्हणजे ६०१३च्या घराण्यातला. ‘ईबी’ असेल तर बेसिक थराचा, ७०१८च्या घराण्यातला.

नव्या माणसाला कुणीतरी सांगतंच, ‘७०१८ घे, मजबूत असतो.’ असतो, हे खरं. पण ग्रिल, फाटक, मांडव ज्या साध्या माइल्ड स्टीलचे असतात, त्याच्या नेहमीच्या ई २५० ग्रेडची किमान ताकद ४१० मेगापास्कल आहे आणि ६०१३ची जवळपास तेवढीच. सांध्यातलं लोखंड मूळ लोखंडाच्या तोडीचं असल्यावर जास्तीचे पैसे कशाला घालायचे? शिवाय ७०१८ला ओलावा अजिबात चालत नाही. उघडलेलं पॅकेट ओव्हनमध्ये ठेवावं लागतं, बाहेर राहिलेला रॉड अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे भाजून घ्यावा लागतो. कोकणात जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या ७०१८ने केलेला सांधा वरून चकचकीत दिसेल, पण आत हायड्रोजन शिरून जाड लोखंडात नंतर तडा जाऊ शकतो. रॉड भाजायच्या छोट्या ओव्हनलाच तीन-चार हजार रुपये जातात. हा खर्च पूल, बॉयलर, प्रेशरची पाइपलाइन अशा कामांना शोभतो. तुम्ही ६०१३ घ्या आणि तो कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. दमट झाला तर शंभर-एकशे दहा अंशांवर तासभर सुकवला की पुरे. फार भाजला तर उलट बिघडतो.

आता जाडी. दुकानात मिलिमीटरऐवजी नंबर बोलतात. १२ नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५ आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. नंबर लहान तेवढा रॉड जाड, हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘लहानातला द्या’ म्हणून ८ नंबर घेऊन घरी याल. अडीचला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात, ३.१५ला ९० ते १३०, चारला १४० ते १८०.

मशीनचा प्रश्न इथेच सुटतो. ८० अँपिअरवर आर्क चालतो तेव्हा त्यावर सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे १.८५ किलोवॉट. मशीनमधली गळती धरली तर भिंतीतून सव्वादोन किलोवॉट ओढले जातात. साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७च्या आसपास असतो, त्यामुळे तारेतून १४ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरच्या पॉइंटची ताकद इथे जवळजवळ संपली. खोक्यावरचे २०० अँपिअर खरोखर काढायचे तर आर्कलाच साडेपाच किलोवॉटच्या वर लागतात. घरातला साधा पॉइंट ते देऊच शकत नाही. म्हणून घरगुती कामाला १२ नंबरचा रॉड, आणि तो आरामात चालवणारं सिंगल फेजचं इन्व्हर्टर मशीन. ६ ते ९ हजारांत ते मिळतं. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्याऐवजी पाटीवर ड्यूटी सायकल वाचा. दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन त्या करंटवर सलग चालेल, ते तिथे टक्क्यांत लिहिलेलं असतं. पाटीच नसेल तर ते मशीन घेऊ नका. वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. अंतर कमी असेल तर हजार-दीड हजारांत होतं, आणि ते वाचवायचे पैसे नव्हेत.

रॉड किलोवर घ्या, नगावर नको. नावाजलेल्या कंपनीचा ६०१३ किलोला १०० ते १४० रुपयांच्या घरात पडतो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, ते विचारा. अडीच मिलिमीटरचे, ३५० मिलिमीटर लांबीचे रॉड किलोत पन्नासच्या आसपास बसतात, म्हणजे एक रॉड सव्वादोन-अडीच रुपयांना. स्थानिक माल किलोमागे वीस-तीस रुपयांनी स्वस्त मिळतो. तो घ्यायचाच तर आधी एक रॉड काढून टोक बघा. तार थराच्या बरोबर मध्यावर आहे का? एका बाजूला सरकलेली असेल तर रॉड तिरका जळतो, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाकडा आहे. होल्डरमध्ये धरायच्या टोकाला गंज असेल किंवा थराचे कपचे निघत असतील, तर पॅकेट परत करा.

रॉड संपवण्यातही पैसा आहे. शेवटचे ५० मिलिमीटर होल्डरजवळ उरणारच. ३५० मिलिमीटरमधला हा सातवा हिस्सा झाला. नवी माणसं हात भाजेल या भीतीने शंभर मिलिमीटर उरला की फेकतात. म्हणजे दर साडेतीन रॉडांमागे एक रॉड थेट भंगारात.

आता पोझिशन, कारण वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त तिथेच जातो. सपाट म्हणजे सांधा खाली जमिनीसारखा आणि तुम्ही वरून भरताय. कारखान्यात त्याला १जी किंवा १एफ म्हणतात. ‘जी’ खाच भरायच्या सांध्याला, ‘एफ’ कोपऱ्याच्या सांध्याला. २ म्हणजे आडवी, ३ म्हणजे उभी, ४ म्हणजे डोक्यावरची. सपाटीत गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं : धातू जागेवर बसतो, जाड रॉड आणि जास्त करंट चालतो, काम भराभर होतं. उभ्या कामात तेच उलटतं. करंट दहा-पंधरा टक्के उतरवावा लागतो, रॉड बारीक घ्यावा लागतो, खालून वर चढताना दोन्ही कडांना क्षणभर थांबून धातूची छोटी पायरी तयार करावी लागते आणि पुढचा धातू तिच्यावर टेकवावा लागतो. वरून खाली ओढलं तर लवकर होतं, म्हणून पुष्कळ जण तसंच करतात. पातळ पत्र्याला ते ठीक आहे. जाड अँगलवर मात्र स्लॅग पुढे पळतो, सांध्याच्या आत अडकतो आणि वरची सुबक पट्टी आतली पोकळी झाकून ठेवते. डोक्यावरच्या कामात ठिणग्या मानेत पडतात, आणि त्याच सांध्याला वेळही सपाटीपेक्षा कितीतरी जास्त लागतो.

म्हणून ज्याला काम कळतं तो आधी काम फिरवतो. फाटक उभं करून जोडू नका. जमिनीवर दोन पाइपांवर ठेवा, चौकट टाके मारून काटकोनात धरा, एक बाजू सपाट भरा, पालथं घाला, दुसरी भरा. काम फॅब्रिकेशनवाल्याला देत असाल तरी हेच सांगा : जास्तीत जास्त सांधे वर्कशॉपमध्ये होऊ देत, साइटवर फक्त भिंतीशी जोडायचे ठेवा. शिडीवर चढून होणारे सांधे महाग पडतात आणि बहुतेक वेळा कच्चेही राहतात.

सरावासाठी महिनाभराचा हिशेब असा. रोज २० रॉड, म्हणजे ३० दिवसांत ६००, म्हणजे १२ किलो. साधारण १,४०० रुपये. फॅब्रिकेशनच्या दुकानातून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे तुकडे भंगाराच्या भावाने आणा. १५ किलोला ७०० रुपये धरा. वीज? एक रॉड जेमतेम मिनिटभर जळतो. रोजची वीस मिनिटं धरली तर महिन्याला बावीस-तेवीस युनिट, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. लोक विजेला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खर्चात ती अगदी लहान बाब निघते. मशीनचे ७,५००, आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या हेल्मेटचे १,२००, चामडी हातमोजे आणि एप्रनचे ८००, हातोडी आणि तारेच्या ब्रशचे २००, चार इंची ग्राइंडर आणि चकत्यांचे २,५००, वायरमनचे दीड हजार. सगळं मिळून सोळा हजारांच्या घरात. ग्राइंडर उसना मिळाला तर तेवढे वाचवा. हेल्मेट वाचवू नका. डोळे मिटून टाके मारणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. त्यांचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात आणि हे पुन्हा पुन्हा होत राहतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या न ठेवता डॉक्टरांकडे जा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप असेल तर सांध्याजवळचा मुलामा घासून काढा आणि उघड्यावर बसा. गूळ खाल्ल्याने जस्ताचा धूर बाधत नाही ही समजूत चुकीची आहे.

पहिला आठवडा फक्त सपाट पट्टीवर रेघा ओढा. रॉडचं टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच, अडीच मिलिमीटर, दूर. आवाज एकसारखा चरचर येऊ द्या; फटफट झाला की आर्क लांबला समजा. दुसऱ्या आठवड्यात दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने भरा, गार झाल्यावर घणाने न भरलेल्या बाजूकडून ठोकून सांधा मोडा आणि आत बघा. कोपरा वितळलेला दिसला, काळा स्लॅग नसला, की उभ्या पोझिशनकडे जा. या चाचणीला एक पैसाही लागत नाही आणि वरवरच्या देखणेपणापेक्षा ती जास्त खरं सांगते.

धंदाच करायचा असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलाला त्यात प्रवेश मिळतो. आखाती देशांत जायला निघालेल्यांकडे ६जीचं प्रमाणपत्र मागतात. ६जी म्हणजे ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप न हलवता गोलाकार जोडणं. त्या एका परीक्षेत सगळ्या पोझिशन येतात. मात्र जिथे ही परीक्षा अमेरिकेच्या एएसएमई नियमांनी घेतली जाते, तिथे त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने हातून झालं नाही तर पात्रता संपते. कागद दाखवून पैसे मागणाऱ्याला परीक्षा कधी आणि कोणासमोर झाली, हे आधी विचारा.

आणि एक कळकळीची विनंती. ट्रॉलीचा हुक, शिडी, मुलांचा झोपाळा, गच्चीचा कठडा हे सांधे पहिलं वर्षभर स्वतः जोडू नका. ते अनुभवी वेल्डरकडे न्या, तो मागेल ते पैसे द्या आणि तो काम करत असताना शेजारी काळी काच घेऊन उभे राहा.