अँप्युल वाचली होतीस ना?

वणी,
श्रावणातला सोमवार

चि. छकुली,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. "ताई, छकुलीले मेमो भेटला, मशीनमधून भलतंच इंजेक्शन निघालं म्हणते," एवढं बोलून ती रडायलाच लागली. पेशंटला दिलं की नाही, तेही तिला धड सांगता येईना. सकाळी रंगनाथ स्वामींच्या देवळात गेले, तरी डोक्यात तेच. तुला फोन केला असता तर मी नुसती ओरडले असते, म्हणून लिहिते.

आधी एवढंच सांग, अँप्युल हातात आल्यावर वाचली होतीस का?

दिवाळीत आलीस तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या त्या औषधांच्या मशीनच्या कपाटाचं किती कौतुक करत होतीस. बोट ठेवायचं, पेशंटचं नाव निवडायचं, तेवढाच खण उघडतो, मोजणी आपोआप. मला खरंच हेवा वाटला. आमच्या वेळी मॉर्फिनच्या कपाटाला दोन कुलपं, दर पाळीला एकेक अँप्युल मोजून रजिस्टरात सही, आणि एक कमी भरली की घरी जाणं नाही. तुझी मैत्रीण मात्र कुरकुरत होती: औषधांच्या वेळेला सगळ्या जणी त्या कपाटासमोर रांगेत, ओल्या बोटाचा ठसा लागत नाही, तिकडे पेशंट हाका मारतो. तिचंही खरं. पण तू जाता जाता म्हणालीस, "आत्या, आता चूक व्हायचीच नाही." तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं. तो खण भरतं कोण? माणूसच ना?

अमेरिकेत नॅशव्हिलला डिसेंबर २०१७मध्ये काय झालं, ते तुम्हाला शिकवलं असेल. ऑर्डर व्हर्सेडची, म्हणजे आपल्या मिडाझोलमची. नर्सने कपाटात पहिली दोन अक्षरं टाकली, औषध दिसेना, फार्मासिस्टच्या मंजुरीची वाट न बघता तिने ओव्हरराइड केलं आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, श्वास थांबवणारं. टोपणावर ताकीद छापलेली होती. पेशंट बाई गेली. २०२२मध्ये कोर्टाने नर्सला दोषी ठरवलं, तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. मला तिची एक गोष्ट विसरता येत नाही. चूक कळताच तिने ती स्वतः सांगितली होती.

मी सांगितली नव्हती. तुझ्या बाबालाही हे ठाऊक नाही. नोकरीचं दुसरं वर्ष, कीटकनाशकाच्या फवारणीचे दिवस, विषबाधेचा एक मजूर, तोंडाला फेस. ट्रेमध्ये अ‍ॅट्रोपिनचा खाना ठरलेला, तिथून अँप्युल उचलली, फोडली, भरली. सुई लावणार तेवढ्यात आयाबाई म्हणाल्या, "सिस्टर, ही काच तांबडी कशी?" ती अ‍ॅड्रेनलिन होती. आयाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, छकुली. मला येत होतं, आणि मी वाचलं नव्हतं. रजिस्टरात 'फुटली' असं लिहून मोकळी झाले. तो खाना कुणी चुकीचा भरला, दुसऱ्या वॉर्डातही तसंच झालं होतं का, हे माझ्या गप्प बसण्यामुळे कुणी शोधलंच नाही. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

२०१७ची फवारणी तर तुला आठवते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. तशा पेशंटची छाती कोरडी होईपर्यंत काही काही मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. तिथे फार्मासिस्टच्या मंजुरीची वाट कोण बघत बसेल? तूही तसल्या घाईत ओव्हरराइड केलं असशील तर मेमो आला तरी मी तुझ्याच बाजूची. पण अँप्युल वाचली होतीस ना?

नसशील वाचली, तरी लपवू नकोस. जबाबात घडलं तसं लिही: कुठला खण, किती वाजता, त्या रात्री तुझ्याकडे किती पेशंट होते. खण चुकीचा भरलेला असेल तर तेही लिही, नाहीतर उद्या दुसरी पोरगी फसेल. लिहिताना हात थरथरला तर मला फोन लाव, कितीही वाजले असले तरी.

रागावून सुरुवात केली, आता राग उरला नाही. तू जेवलीस का, हेच मनात येतंय. सुट्टी मिळाली की ये, मेथीची भाजी आणि भाकर करून ठेवते. आणि माझ्या प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी हल्ली खिडकीशी नेली तरी वाचता येत नाही, रंगावरून ओळखून घेते. आलीस की तेवढी मला वाचून दे.

तुझी,
आत्या