आईच्या हातांचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'संधी खर्च' ही संकल्पना शिकविली. एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते आणि जी सोडली तिचे मोल हाही खर्चच असतो. सरांनी फळ्यावर गहू आणि कापड यांचे उदाहरण मांडले होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आईचे हात आले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आईवडील दोघेही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शेतमजुरी करतात. आई गेली सहा वर्षे इसबाने बेजार आहे. हात, मान आणि पापण्यांची कातडी लाल होते, चिघळते, मग जाड होऊन भेगाळते. रात्री खाज सुटली की तिला झोप नाही. मधे महिनाभर बरे वाटते, पावसाळा आला की पुन्हा तेच. अशा दीर्घ आजाराला घरात किती पैसा लागतो, हे मी वर्षभर एका वहीत टिपून ठेवले. प्रस्तुत लेख हा त्या वहीचा हिशेब आहे.

आधी आजाराचे कारण पाहू. आईचा इसब गाजर गवतामुळे आहे. काही भागांत यालाच काँग्रेस गवत म्हणतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. आपल्या देशात १९५०च्या दशकात ती प्रथम पुण्यात नजरेस आली आणि परदेशी धान्याबरोबर आली असावी असे मानतात. आज ती बांधावर, कालव्याच्या कडेला, पडीक जागेत, सगळीकडे आहे. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पहिल्याच दिवशी काही होत नाही. वर्षानुवर्षे खुरपणीत संपर्क येतो आणि एखाद्याच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. एकदा झाले की ते सहसा जात नाही. मग गवत उपटावेच लागते असे नाही, वाळलेल्या गवताचा वाऱ्यावर उडालेला भुसाही पुरतो. म्हणून मान आणि पापण्याही सुजतात.

आता वहीकडे वळू. बारा महिन्यांत औषधे व मलमे यांवर २,९४० रुपये, प्रवासावर १,३६० रुपये, तपासण्यांवर ६०० रुपये आणि हातमोजे, साबण, खोबरेल यांवर ७०० रुपये गेले. एकूण ५,६०० रुपये. वडिलांना विचारले तर तेही म्हणाले, "पाचसहा हजार गेलं आसतील." घरोघर हिशेब इथेच थांबतो.

परंतु आईची मजुरी दिवसाला ३०० रुपये. दवाखान्यात गेलेले दिवस ११. आजारामुळे कामाविना गेलेले दिवस ४३. एकूण ५४ दिवसांचे १६,२०० रुपये बुडाले. दोन्ही मिळून २१,८०० रुपये होतात आणि त्यातला जवळजवळ पाऊण हिस्सा बुडालेल्या मजुरीचा आहे! खिशातून गेलेला पैसा दिसतो. जो खिशात आलाच नाही, तो कोणी मोजत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्याच वर्षी मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. दोन्हींचा आम्हाला फार आधार झाला. तरीही मोफत उपचाराची किंमत आमच्यासाठी एक रोज आहे, कारण दवाखान्याची वेळ आणि शेतातल्या कामाची वेळ एकच. कारण शोधण्याची पॅच टेस्ट असते, तिच्यात पाठीवर पट्ट्या चिकटवितात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. म्हणजे एका तपासणीसाठी एकाच आठवड्यात तीन खेपा आणि तीन रोज.

ही तपासणी आईने एक वर्ष पुढे ढकलली होती. "सुगी हाय, मग बघू," एवढेच ती म्हणाली. वहीतल्या तारखा जुळविताना माझ्या ध्यानात आले की त्याच आठवड्यात माझ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. फी वेळेवर भरली गेली होती. संधी खर्चाचे उदाहरण मला त्या दिवशी खरे कळले.

दुसरा धडा स्वस्ताईचा. पहिली दोन वर्षे आई दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमाची ट्यूब लावी. दोन दिवसांत खाज थांबे, पुढल्या आठवड्यात दुप्पट येई. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड असते आणि ते सल्ल्याविना दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला तो याचसाठी. तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतले तर उपयोगी असते. मात्रेचे मापही सोपे आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांना सुमारे आठ रेघा, म्हणजे ४ ग्रॅम लागतात. ३० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर आठवडाभर पुरेल. आई तीच ट्यूब दीड महिना पुरवीत असे. औषध अर्धवट, म्हणून आजार अर्धवट बरा, म्हणून पुन्हा रोज बुडाले.

तिसरा धडा मला सर्वांत कठीण गेला. त्या ४३ दिवसांपैकी १७ दिवस आई कामावर जाऊ शकत होती, पण टोळीने तिला बोलाविले नाही. पाण्याच्या एकाच तांब्याला तिचा हात लागेल, अशी बायकांना भीती. इसब हा संसर्गजन्य रोग नाही. तो स्पर्शाने किंवा भांड्याने पसरत नाही. या गैरसमजाची किंमत ५,१०० रुपये झाली, म्हणजे वर्षभराच्या औषध, प्रवास आणि तपासण्यांच्या खर्चाहून थोडी अधिक. आणि तांबा वेगळा ठेवल्याचे दुःख कोणत्या रकान्यात लिहावे, ते मला ठाऊक नाही.

ज्याच्या पडीक जागेत गवत माजते, त्याला या आजाराचा एक पैसाही भरावा लागत नाही. बी वाऱ्यावर जाते आणि बिल मजुराच्या घरी येते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. असा खर्च एकट्या घराने कमी होत नाही, तो गावानेच कमी करायचा असतो.

उपाय माहीत आहेत. पहिल्या पावसानंतर, फुले येण्यापूर्वी, गवत मुळासकट काढावे. पडीक जागेत टाकळा वाढू द्यावा, तो गाजर गवताला दाबतो. गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे १९८३ साली आपल्या देशात आणले गेले, तेही सोडता येतात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो, पण तोवर बरेच गवत फुलोऱ्यावर येते. म्हणून आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने हे श्रमदान जुलैतच घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. ज्यांना वावडे आहे त्यांनी या कामापासून दूर राहावे.

तपासणी झाल्यापासून आई खुरपणीला जात नाही. कांदा निवडण्याचे काम मिळेल तेव्हा करते. वही अजून चालू आहे. परवा तिने विचारले, "एवढं काय लिहितीस?" मी म्हणाले, "तुझ्या हातांचा हिशेब." ती हसली आणि म्हणाली, "मग त्यात तुझी फी बी लिव्ह. ती खर्चात नगं, जमेत."