डूडी नोबलवर एक शुक्रवार: कॉलेज बेसबॉल पाहायला जाण्याची कृती

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे गेलेली मंडळी बेसबॉल बघायची झाली, तर शिकागोला किंवा न्यूयॉर्कला व्यावसायिक संघांची मॅच बघून येतात. ती जरूर बघावी. पण हा खेळ एखाद्या गावाच्या रोजच्या जगण्यात किती मुरलेला असतो हे पाहायचं असेल, तर दक्षिणेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या मैदानावर जावं. त्यासाठी मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. गावाची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. तिथेच मिसिसिपी स्टेट विद्यापीठ आहे आणि त्याच्या आवारात डूडी नोबल फील्ड. 15 एप्रिल 2023 रोजी ओल मिस (राज्यातलंच युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी) विरुद्धच्या सामन्याला या मैदानावर 16,423 प्रेक्षक आले होते. विद्यापीठाच्या आवारातल्या बेसबॉल सामन्याला झालेल्या गर्दीचा तो विक्रम ठरला.

इथे मॅच आणि कॅम्पस वेगळे काढता येत नाहीत. मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचून शेवटचा आउट झाल्यावर निघालात, तर अर्धंच पाहून परत याल. म्हणून ही कृती पूर्ण दिवसाची आहे.

काय हवं

- सामन्याचं तिकीट, फोनवर उतरवून ठेवलेलं
- पारदर्शक प्लास्टिकची पिशवी: 12 इंच रुंद, 12 इंच उंच, 6 इंच खोल, याहून मोठी नको
- फोटो असलेलं ओळखपत्र
- टोपी, उन्हाचं मलम आणि एक हलकं जॅकेट
- पेन्सिल आणि स्कोअर लिहायला आखलेला कागद
- गाडीत ठेवायला बर्फाची पेटी (कारण पाचव्या पायरीत येईल)

1. वार आणि महिना ठरवा

कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी कॉलेज वर्ल्ड सिरीजने संपतो. मिसिसिपी स्टेट ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळतं, तिथे एका पाहुण्या संघाशी सहसा शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने तीन सामने होतात. त्यातला शुक्रवार निवडा. त्या दिवशी दोन्ही संघ बहुधा आपला सर्वांत भरवशाचा पिचर (चेंडू फेकणारा) उतरवतात. दुसरं म्हणजे शुक्रवारी विद्यापीठाची कचेरी, ग्रंथालय, दुकान सगळं चालू असतं आणि सामना बहुतेक वेळा संध्याकाळचा असतो. दिवस कॅम्पससाठी मोकळा मिळतो.

महिना एप्रिल घ्यावा. फेब्रुवारीत संध्याकाळी हुडहुडी भरते, मेमध्ये उकाडा आणि दमटपणा असतो. एप्रिलमध्ये वादळी पाऊस येऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा.

2. तिकीट काढा

होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागच्या आणि पहिल्या-तिसऱ्या बेसच्या बाजूच्या खुर्च्या राखीव असतात. मैदानाच्या कडेला, कुंपणाजवळची जागा स्वस्त पडते. पहिल्यांदा जाणाऱ्याने होम प्लेटच्या मागे, थोडं वरच्या रांगेत बसावं. तिथून चेंडूची दिशा आणि नऊही क्षेत्ररक्षकांच्या जागा एका नजरेत येतात. ओल मिस किंवा अलाबामासारखा जुना प्रतिस्पर्धी येणार असेल, तर तिकीट आठवडेच्या आठवडे आधी घ्या.

3. पोहोचण्याची सोय करा

सर्वांत जवळचा विमानतळ गोल्डन ट्रँगल रीजनल, पण तिथे उड्डाणं मोजकी. बरेच लोक बर्मिंगहॅम, जॅक्सन किंवा मेम्फिसहून गाडीने येतात. जॅक्सन आणि बर्मिंगहॅमहून दोन-अडीच तास लागतात, मेम्फिसहून थोडा जास्त वेळ. हॉटेलं सामन्याच्या आठवड्यात लवकर भरतात. गावात आणि कॅम्पसवर ‘स्मार्ट’ नावाची बससेवा चालते, तिला तिकीट लागत नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. गाडी नेलीत तर विद्यापीठाच्या पार्किंगच्या पाट्या नीट वाचा. परवाना लागणाऱ्या जागी उभी केलेली गाडी दंडाला पात्र होते.

4. सकाळ ग्रंथालयात घालवा

दहाच्या सुमारास मिचेल मेमोरियल ग्रंथालयात जा. तिथे अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचं अध्यक्षीय ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ग्रँट यांनी 1863 मध्ये, यादवी युद्धात, याच राज्यातलं व्हिक्सबर्ग वेढा घालून जिंकलं होतं. ज्या राज्याला त्यांनी नमवलं, त्याच राज्याच्या विद्यापीठात आज त्यांची पत्रं आणि कागद जपले जातात. दालनाला तासभर द्या. लेखक जॉन ग्रिशम याच विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकले. त्यांच्या नावाचं दालनही याच इमारतीत आहे.

5. चीज घ्या

1878 मध्ये हे विद्यापीठ शेती आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून स्थापन झालं. ती ओळख चाखायची असेल तर माफेस नावाच्या विक्री केंद्रावर जा. विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीचं दूध, आइस्क्रीम आणि चीज तिथे मिळतं. इथलं एडॅम चीज प्रसिद्ध आहे: तोफेच्या गोळ्यासारखा गोल गरगरीत गोळा, वर लालभडक मेणाचा थर. घरी नेऊन मेण सोलायचं आणि आतला पिवळसर, मऊसर भाग पातळ कापून खायचा. हे चीज स्टेडियममध्ये नेता येणार नाही, म्हणून गाडीत बर्फाची पेटी हवी. शनिवार-रविवारी दुकान उघडं असेलच असं गृहीत धरू नका. शुक्रवार निवडण्याचं हेही एक कारण आहे.

6. दुपारी कॅम्पस पायी फिरा

मध्यभागी ड्रिल फील्ड नावाचं मोठं हिरवं पटांगण आहे. पूर्वी विद्यार्थ्यांची लष्करी कवायत इथे होत असे. तिथून जवळच चॅपल ऑफ मेमरीज. ही छोटी वास्तू नीट पाहा. इथे ओल्ड मेन नावाचं भलंमोठं वसतिगृह होतं. जानेवारी 1959 मध्ये ते आगीत जळून गेलं आणि एका विद्यार्थ्याचा जीव गेला. जळक्या इमारतीच्या विटा वापरून हे चॅपल बांधलं. भिंतीला हात लावून विटांचा खडबडीतपणा, रंगाचा कमी-जास्तपणा बघा. इथे आलेल्या माणसाने दोन मिनिटं गप्प बसावं.

विद्यापीठाचा इतिहास सगळाच अभिमानाचा नाही, आणि तोही माहीत असावा. 1963 मध्ये इथल्या बास्केटबॉल संघाला कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या संघाशी खेळायचं होतं. राज्यातल्या सत्ताधाऱ्यांचा विरोध होता, न्यायालयाची मनाई येऊ घातली होती. संघ गुपचूप राज्याबाहेर पडला आणि मिशिगनमध्ये जाऊन खेळला. सामना हरला, पण खेळला. पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला, रिचर्ड होम्स यांना, इथे प्रवेश मिळायला 1965 उजाडलं. मैदानावर आज जे संघ उतरतात, ते या वाटेने आलेले आहेत.

7. दारं उघडताच आत जा

सुरुवातीचा सराव चुकवू नका. फलंदाजीच्या सरावात बॅटचा आवाज ऐका: टणत्कार. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी बॅट सक्तीची आहे, कॉलेजात धातूची चालते. तो टणत्कार ऐकला की कॉलेजचा सामना डोळे मिटूनही ओळखता येतो.

बसण्याआधी मैदानाला एक फेरी मारा आणि डाव्या कुंपणापलीकडे जा. तिथे लेफ्ट फील्ड लाउंज आहे. 1960 च्या दशकात गावकरी आपले ट्रक उलटे लावून कुंपणाला भिडवत, मागच्या फळीवर बसून सामना बघत आणि शेजारी शेगडी पेटवत. पुढे ट्रकांवर बाकं आणि मचाणं चढली, जागा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिल्या. 2019 मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात ट्रक गेले आणि पक्के चौथरे आले, पण शेगड्या राहिल्या. आजही सामन्याच्या कितीतरी आधी तिथे धूर निघायला लागतो.

प्रत्येक चौथरा कुणाचा तरी भाड्याने घेतलेला असतो, विचारल्याशिवाय चढू नका. पण कठड्याशी उभं राहून ‘हेल स्टेट’ म्हणा. हा इथला नमस्कार. समोरून तोच शब्द येईल आणि बहुधा खायचं आमंत्रणही. शेगडीवर डुकराचं आणि गाईचं मांस सर्रास असतं. खात नसाल तर हसून सरळ सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी माणसाला स्टॉलवर शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि चीज घातलेले नाचोज मिळू शकतात. तेवढ्यावर भागत नसेल तर आधी जेवून जा.

8. खेळ समजून घ्या

क्रिकेट पाहणाऱ्याला पाच मिनिटांत पुरेसं कळतं. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये पाहुणा संघ आधी खेळतो, यजमान नंतर. तीन आउट झाले की बाजू बदलते. तीन स्ट्राइक (हुकलेला किंवा टप्प्यात असूनही सोडून दिलेला चेंडू) झाल्या की बॅटर बाद. चार बॉल (टप्प्याबाहेर टाकलेले, बॅटरने न खेळलेले चेंडू) पडले की त्याला पहिला बेस फुकट. फाउल गेलेला चेंडू पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइक मोजतात, नंतर नाही. चारही बेस फिरून घरी आला की एक रन.

9. स्कोअर लिहा

पेन्सिल यासाठीच आणली. क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे असतात: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा बेस 4, तिसरा बेस 5, शॉर्टस्टॉप 6, डावीकडचा 7, मधला 8, उजवीकडचा 9. समजा चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला. त्याच्या चौकटीत लिहायचं 6-3. बॅट फिरवून तिसरी स्ट्राइक चुकली तर ‘के’ हे रोमन अक्षर, आणि नुसता बघत राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटं. दोन इनिंग लिहिल्यात की खेळ डोळ्यांसमोर उलगडायला लागतो. पिचरने या बॅटरला मागच्या वेळी कसं फसवलं होतं आणि आता तो काय करणार, हे कागद सांगतो. शेजारच्या खुर्चीतले आजोबा कागदात डोकावले तर त्यांना दाखवा. संवादाला याहून सोपी सुरुवात नाही.

10. सावध राहा

जाळी संपते त्या भागात बसलात तर बॅटर खेळत असताना फोनमध्ये डोकं घालू नका. फाउल चेंडू फार वेगाने येतो. लहान मूल बरोबर असेल तर जाळीमागचीच जागा घ्या. वीज जवळ कडाडली तर खेळ थांबवतात आणि शेवटच्या विजेनंतर किमान 30 मिनिटं थांबावं लागतं. त्या वेळी उघड्यावर न राहता छपराखाली जा आणि घोषणा ऐका. तिकीट मात्र जपून ठेवा, सामना पुन्हा सुरू होऊ शकतो.

11. सातव्या इनिंगमध्ये उभे राहा

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठून पाय मोकळे करतात, गाणं होतं. शब्द येत नसले तरी उभे राहा. राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढून शांत उभं राहायचं, हेही लक्षात असू द्या.

12. शेवटच्या आउटपर्यंत थांबा

गर्दी टाळायला आठव्या इनिंगमध्ये निघू नका. बेसबॉलला घड्याळ संपण्याचा शेवट नाही. शेवटचा आउट होईपर्यंत हरणाऱ्या संघाला संधी असते. सामना साधारण तीन तासांचा धरून चाला.

या गावाला थांबण्याची किंमत माहीत आहे. रॉन पोक यांच्यासारखा नामवंत प्रशिक्षक इथे झाला, 1980 च्या दशकात विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो इथे एकत्र खेळले, तरी राष्ट्रीय विजेतेपद हुकतच राहिलं. ते मिळालं 30 जून 2021 रोजी, ओमाहात, व्हँडरबिल्ट विद्यापीठाला 9-0 असं हरवून. कुठल्याही सांघिक खेळातलं विद्यापीठाचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

समोर खेळणारी मुलं अठरा ते बावीस वर्षांची असतात. त्यातले चांगले खेळाडू तीन वर्षांत व्यावसायिक संघांकडे जातात, बाकीचे पदवी घेऊन नोकरीला लागतात. म्हणजे जो संघ तुम्ही पाहाल, तो पुढच्या वर्षी तसाच दिसणार नाही. तुमचं कुणी दक्षिणेतल्या विद्यापीठात शिकत असेल, तर पुढच्या एप्रिलमधला एक शुक्रवार आताच राखून ठेवा, आणि त्यालाही अभ्यासातून उठवून बरोबर न्या.