आजचं चिंतन: गीता १८.६३ आणि थेरपिस्टने सुचवलेलं पुस्तक



आज आपण अठराव्या अध्यायातल्या त्रेसष्टाव्या श्लोकावर आलोय. सांगायचं ते सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की आता यावर तू स्वतः विचार कर, काही न वगळता कर, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत, वेळ अजिबात नाही, आणि साक्षात भगवंत म्हणतोय की ठरव तूच.

हा श्लोक मी या आठवड्यात एका वेगळ्याच पुस्तकाच्या शेजारी ठेवून वाचला. गेले चार महिने दर बुधवारी रात्री मी एका थेरपिस्ट मॅडमशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नव्हतं, आता झालं. कारण थोडक्यात सांगतो. बाबांना लकवा झाल्यापासून मी तिरोड्यात राहून घरूनच काम करतो. आता कंपनीने कळवलंय की महिनाअखेरीला पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. आई एकटी बाबांना उचलू शकत नाही, घराचं कर्ज माझ्या पगारावर आहे, आणि तिरोड्यात वीज केंद्र आहे, राईस मिल आहेत, पण माझ्या कामाची कंपनी नाही. झोप उडाली होती, म्हणून मॅडमकडे जायला लागलो.

गेल्या बुधवारी मी सरळ विचारलं, “मॅडम, तुम्हीच सांगा, जाऊ की राहू?” त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ वाचा, मग बोलू. मराठीत हवं असेल तर ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने मिळतं.

खरं सांगू, पहिल्यांदा चिडचिड झाली. पैसे देऊन प्रश्न विचारावा आणि हातात वाचनाची यादी यावी! घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “घरात गीताई हाय, ज्ञानेश्वरी हाय, अन् ते बाई इंग्रजी पुस्तक वाच म्हणते?” सत्संगाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, नामावर विश्वास असेल तर थेरपिस्ट लागतोच कशाला. दुसऱ्याने पुस्तकाचा सारांश कुठून तरी शोधून टाकला आणि खाली लिहिलं, हे सगळं आपल्या गीतेत आधीच आहे.

मला दोन्ही पटलं नाही. नामाचं बोलायचं तर अर्जुनाचा साक्षात सखा समोर बसला होता, तरी त्याचे हात थरथरले, तोंड कोरडं पडलं, अंगाची आग झाली, मन गरगरलं, धनुष्य हातातून निसटलं. पहिल्या अध्यायात अठ्ठावीस ते तीस हे श्लोक काढून बघा, एखाद्या क्लिनिकच्या फॉर्मवर लिहावीत तशी लक्षणं आहेत. देव जवळ असून होणारा हा त्रास आहे, आणि गीता त्याला अश्रद्धा म्हणत नाही. त्या अध्यायालाच आपण योग म्हणतो, विषादयोग. आणखी एक गंमत पाहा. पहिल्या अध्यायात कृष्ण फक्त एक वाक्य बोलतो, समोर जमलेले कुरू बघ एवढंच. बाकी वेळ तो ऐकतो. अर्जुन सगळं बोलून रथात खाली बसेपर्यंत मधे तोंड घालत नाही.

आणि “आपल्याकडे आधीच होतं” याचं काय? पुस्तक न वाचताच मिटून ठेवायचा हा एक सोपा मार्ग आहे, दुसरं काही नाही. मी वाचलं. लहानसं आहे, दोन रात्रींत झालं.

फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, जन्म १९०५, धर्माने ज्यू. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना कुटुंबासह टेरेझिनच्या छावणीत नेलं, १९४४ मध्ये ऑशविट्झला, तिथून जर्मनीतल्या छावण्यांमध्ये. १९४५ मध्ये सुटका झाली. पुस्तक त्यांनी नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं, १९४६ मध्ये ते जर्मनमध्ये आलं. त्यावर नाव न घालता फक्त कैदी नंबर घालायचा त्यांचा विचार होता.

ऑशविट्झला पोचले तेव्हा त्यांच्या कोटाच्या अस्तरात आयुष्यभराच्या कामाचं हस्तलिखित शिवलेलं होतं. कोटासकट ते गेलं. बदल्यात मिळाला तो मारल्या गेलेल्या एका कैद्याचा जुना कोट, आणि त्याच्या खिशात ज्यूंच्या प्रार्थनेच्या पोथीतलं एकच पान होतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीने परत दिली असं आपण मानतो. यांचं हस्तलिखित परत आलं नाही. पुढे दुसऱ्या छावणीत टायफसच्या तापात, चिठोऱ्यांवर टिपणं काढत, त्यांनी ते पुन्हा जुळवायला घेतलं. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गच्चीवर उभा राहिलो. लांबवर वीज केंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकत होते.

पण मला धरून ठेवलं ते आणखी एका गोष्टीने. ती फ्रँकल यांनी पुढच्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलीय. युद्धात अमेरिका उतरण्याच्या थोडं आधी त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. म्हातारे आई-वडील खूश होते, मुलगा वाचेल म्हणून. याला मात्र कळेना. गेलो तर यांना छावणीत कोण सांभाळणार? राहिलो तर आपलं काम, आपला सिद्धांत, सगळं संपेल. त्या दिवशी घरात टेबलावर संगमरवराचा एक तुकडा पडलेला दिसला. नाझींनी जाळलेल्या सिनेगॉगमधून वडिलांनी उचलून आणला होता. त्यावर एकच सोनेरी अक्षर कोरलेलं होतं, आणि ते दहा आज्ञांपैकी ज्या आज्ञेतलं होतं ती आई-वडिलांचा मान राखायला सांगणारी. फ्रँकल यांनी व्हिसा जाऊ दिला.

आपल्यापैकी कुणालाही इथे पुंडलिक आठवेल. देव दारात, हा आई-वडिलांच्या पायाशी, हात रिकामा नाही म्हणून वीट फेकली आणि थांब म्हणाला. तिकडे दगडाचा तुकडा, इकडे वीट. वाचता वाचता मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. राजीनामा लिहायचा.

पण मग पुढचं वाचावं लागतं. फ्रँकल राहिले, दवाखान्यातल्या त्यांच्या नोकरीमुळे आई-वडिलांना काही काळ संरक्षणही मिळालं, पण नंतर सगळेच नेले गेले. वडील टेरेझिनला त्यांच्या डोळ्यांसमोर गेले. आईला ऑशविट्झला मारलं. भाऊ गेला, बायको टिली बर्गन-बेल्सनला गेली. राहून त्यांनी कुणाला वाचवलं नाही. मग तो निर्णय चूक ठरला का? फ्रँकल तसं म्हणत नाहीत, आणि हिशोब मांडून बरोबर होता असंही म्हणत नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक निर्णय त्याच्या आऊटपुटवरून तपासतो, टेस्ट पास झाली की कोड बरोबर. गीतेचा दुसरा अध्याय वर्षानुवर्षं पाठ असून फळाची गोष्ट मला जिथे अडत होती, ती इथे नेमकी दिसली. संगमरवराच्या तुकड्याने काय होईल ते सांगितलं नव्हतं. काय करायचं एवढंच सांगितलं, आणि तेही त्यांनी वाचलं म्हणून. तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नुसता दगड असता.

फ्रँकल डॉक्टरच्या कामाबद्दल एक उपमा देतात ती मला फार आवडली. चित्रकार आपल्याला जग जसं दिसतं तसं रंगवून देतो, डोळ्यांचा डॉक्टर आपल्याला स्वतःला दिसावं म्हणून खटपट करतो. त्यांच्या मते त्यांची उपचारपद्धती दुसऱ्या प्रकारातली. रुग्णाच्या आयुष्याचा अर्थ डॉक्टरने सांगायचा नाही. बुधवारी मॅडमनी उत्तर का दिलं नाही ते मला या पानावर समजलं, आणि आजच्या श्लोकात कृष्ण काय करतोय तेही.

अर्थात श्लोक एवढा सरळ नाही. मागचे श्लोक लावून बघा. एकोणसाठाव्यात कृष्ण म्हणतो की अहंकाराने लढणार नाही म्हणशील, पण तुझा स्वभावच तुला ओढत नेईल. एकसष्टाव्यात ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. आणि त्यानंतर दोनच श्लोकांनी म्हणतो, विचार करून तुला हवं ते कर. यंत्रावर फिरणाऱ्याला कसली आलीय इच्छा? पुढे सहासष्टाव्यात तर सगळं सोडून मला शरण ये म्हणतो. मग स्वातंत्र्य दिलं की काढून घेतलं?

मी हे असं वाचतो, तुमचं वेगळं असेल तर जरूर सांगा. शरण येण्याआधी कृष्ण अर्जुनाला मोकळं सोडतो, कारण ढकलून आणलेल्या माणसाचं शरण येणं हे शरण येणं नसतं. स्वभाव ओढणार हे सांगून ठेवतो, म्हणजे अर्जुनाने विचार करताना तेही धरावं. ‘काही न वगळता’ हा भाग मला त्यासाठी महत्त्वाचा वाटतो. माझ्यापुरतं सांगायचं तर मी विचार करताना एक गोष्ट सारखी वगळत होतो. पुंडलिकाची गोष्ट पुन्हा आठवून बघा. देव बोलतो, पुंडलिक बोलतो. आई-वडील एक शब्द बोलत नाहीत. ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्यांना काय हवंय, हे त्या कथेत कुणी विचारत नाही. कथेचं काम वेगळं आहे, ठीक आहे. पण माझे बाबा समोरच्या खाटेवर आहेत आणि बोलू शकतात, हळूहळू का होईना.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या पायाला तेल लावताना विचारलं. “बाबा, पुण्याले बोलावते कंपनी. तुम्हाले काय वाटते?”

बराच वेळ गेला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. “मले काय विचारतं? तुले काय वाटते, ते तं सांग पहिले.”

मी काही बोललो नाही. मग म्हणाले, “तू रातभर जागत रायतं. मले आयकू येते.” आणि मग धानाकडे वळले, कापणीला मजूर मिळतील का, शेजारच्या बांध्यांत पाणी साचलंय का. मी पुण्याला जावं की नाही हे तेव्हाही सांगितलं नाही, अजूनही नाही.

त्यांच्या उशाशी गीताई असते, कडा झिजलेली. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पुस्तकातच सापडलं. विनोबांनी गीताई लिहिली ती त्यांच्या आईला संस्कृत कळत नव्हतं म्हणून. १९३० ते ३१ मध्ये लिहिली, आई तेव्हा हयात नव्हती. आणि ‘गीता प्रवचने’ तर १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, रविवारी रविवारी कैद्यांसमोर सांगितली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ब्रिटिशांचा तुरुंग आणि ऑशविट्झ यांची तुलना मी करत नाही, करूही नये. एवढंच की कोंडलेल्या माणसांमध्ये तयार झालेली पुस्तकं आपल्या घराला नवीन नाहीत. आईला मी मार्बलच्या तुकड्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “त्याची माय मंग वाचली का?” नाही म्हटल्यावर पदर डोळ्याला लावला. इंग्रजी पुस्तकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, कारण ग्रुपवर दोघांनी ‘भोग आहेत, भोगले पाहिजेत’ असं लिहिलंय. फ्रँकल यांनीच सांगितलंय की दुःखात अर्थ सापडू शकतो तो टाळता न येणाऱ्या दुःखात. टाळता येतं ते आधी टाळा, उगाच सोसण्यात मोठेपणा नाही. कर्करोगावर शस्त्रक्रिया होत असेल तर ती करायची, क्रूस म्हणून मिरवायचा नाही. तेव्हा गोळ्या चालू असतील तर नामस्मरणाच्या भरवशावर त्या परस्पर बंद करू नका. ज्यांना पैशामुळे किंवा लहान गावामुळे थेरपिस्ट मिळत नाही त्यांनी सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि पुस्तक वाचायचं असेल तर आधीच सांगतो, मन फार खाली गेलेलं असताना रात्री एकटं बसून छावणीचा भाग वाचू नका. दिवसा वाचा. मला मॅडमनी तेच सांगितलं होतं.

या बुधवारी पुन्हा कॉल आहे. कंपनीला उत्तर द्यायला त्यानंतर नऊ दिवस उरतात. मॅडमना सांगण्यासाठी मी वहीत दोन रकाने आखलेत, आणि या वेळी तिसऱ्यात बाबांचं वाक्य लिहिलंय, रातभर जागण्याचं.

उद्या १८.६४ घेऊ. तिथे कृष्ण पुन्हा बोलायला लागतो, ठरव तूच म्हणून झाल्यावरही, आणि का बोलतो त्याचं कारण तो स्वतः देतो. श्लोक वाचून या.

राम कृष्ण हरी.